प्रधानाध्यापकाचा प्रभार घेऊ का? टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) नाही, वय ५२, आणि आठवीचं गणित माझ्याकडे

मालवी_मास्तर:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. राहायला इंदूरला रामबागेत, शाळा शहरापासून ३०-३२ किमीवर, सरकारी, पहिली ते आठवी, "एक परिसर एक शाळा"मध्ये प्राथमिक नि माध्यमिक एकत्र झालेली. एकूण मुलं १९०, त्यातली सहावी ते आठवीत ११२. मी १९९८ चा शिक्षाकर्मी, मग अध्यापक, मग २०१८ मध्ये सगळ्यांबरोबर राज्य शिक्षण सेवेत. गणित शिकवतो. आमचे मोठे सर या महिनाअखेर रिटायर होताहेत आणि सिनिऑरिटीने चार्ज माझ्याकडे येतोय, आदेश अजून हातात नाही पण संकुलातून (आसपासच्या शाळांचा कारभार बघणाऱ्या शाळेतून) फोन आलाय की तयारीत राहा.

पदोन्नती तर नाहीच. ३० एप्रिल २०१६ ला हायकोर्टाने २००२ चे पदोन्नती नियम रद्द केले तेव्हापासून गाडी अडलीय ती अडलीच, २०२५ च्या जूनमध्ये सरकारने नवे नियम आणले तर ते पण लगेच कोर्टात. म्हणजे पगार तोच, पद तेच, फक्त सही माझी. त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा टीईटीचा निकाल. घरचे म्हणतात नाही म्हणून टाक. मला खरं सांगायचं तर जबाबदारीची भीती नाही वाटत, मला आठवीची पोरं दिसतात. मी ऑफिसात बसलो तर गणित कोण घेणार? कुणी हे केलंय का?

निवृत्त_संकुल:
सर, दोन गोष्टी वेगळ्या करा, चार्ज वेगळा नि टीईटी वेगळी.

टीईटीचं असं आहे की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्यांच्या नोकरीला निकालाच्या दिवशी पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक होती त्यांना दोन वर्षांत पास व्हायचंय, म्हणजे ऑगस्ट २०२७ संपेपर्यंत. ज्यांची पाचपेक्षा कमी उरलीत ते टीईटीशिवाय रिटायरमेंटपर्यंत राहू शकतात पण पास न होता पदोन्नती मिळणार नाही. आपल्याकडे शिक्षकांना ६२ पर्यंत नोकरी, तुम्ही ५२ चे, तेव्हा तुम्ही पहिल्या गटात. चार्ज घ्या किंवा नका घेऊ, परीक्षा सुटत नाही. आपली जुनी भरती म्हणून आपल्याला लागू नाही असं खूप जण धरून बसले होते, कारण २३ ऑगस्ट २०१० च्या एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या) अधिसूचनेत आधी लागलेल्यांना सूट होती, पण कोर्टाने ते धरलं नाही. उत्तर प्रदेश सरकारने रिव्ह्यूची तयारी केली वगैरे बातम्या वाचून अभ्यास थांबवू नका.

आता चार्ज. मी ११ वर्षं संकुल सांभाळलं आणि त्यात सगळ्यात जास्त नोटिसा प्रभारींना गेलेल्या बघितल्यात, चोरीसाठी नव्हे, न मोजता सही केली म्हणून. चार्ज लिस्टवर सही करायच्या आधी प्रत्येक वस्तू स्वतः मोजा. माझ्या हाताखालच्या एका प्रभारीने कागदावर टाटपट्टी (मुलांना बसायच्या पट्ट्या) ४० नग बघून सही ठोकली, खोलीत निघाल्या २२, त्यातल्या सहा उंदरांनी खाल्लेल्या. वसुली त्याच्याकडून. कॅशबुक आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून शेवटची शिल्लक जुळवा, न जुळल्यास तसं लिस्टवरच लिहा आणि जुन्या सरांची सही त्याखाली घ्या. तुमची १९० मुलं म्हणजे शाळा अनुदान वर्षाला ५० हजारांच्या स्लॅबमध्ये, त्यातला १० टक्के स्वच्छतेवर जायला हवा, ती बिलं वेगळी लावलेली आहेत का ते बघा. प्रबंधन समितीचे ठराव पण बघा, तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात, आणि कितीतरी ठिकाणी रजिस्टरमध्ये सगळे अंगठे एकाच शाईचे एकाच दिवसाचे असतात. तसलं काही दिसलं तर पुढची बैठक स्वतः बोलवा, खरी.

सुदामानगरची_ताई:
मी घेतलाय चार्ज, तीन वर्षं झाली, वय ५८, म्हणजे टीईटीतून वाचले पण पदोन्नतीचा विषय माझ्यासाठी कायमचा संपला. ३६ वर्षं शिकवून कधीतरी नावापुढे पद लागेल असं वाटायचं, त्या निकालाच्या दिवशी मी फार रडले, ते असो.

दादा तुम्ही गणिताचं विचारलंत तेच खरं आहे, बाकी सगळं निभतं. माझा विषय विज्ञान. चार्ज घेतल्यावर पहिल्या वर्षी आठवड्यातले माझे निम्मे तास बुडाले. युडायसवर शाळेची माहिती भरणं, मुलांचे अपार आयडी, आधार अपडेट, पुस्तकांचं वाटप, आता तर सकाळी "हमारे शिक्षक" ॲपवर हजेरी, नेटवर्क नसलं की हापशाजवळ उभं राहून फोन वर धरायचा. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदार यादीचं पुनरीक्षण आलं, आमच्या दोन जणी बीएलओ, म्हणजे घरोघरी यादीच्या कामाला. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिकवण्याखेरीज दुसऱ्या कामाला लावायचं नाही, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून, आणि नेमकं तेच तर असतं सगळं. जनगणनेची घरयादी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७, तुमच्या टीईटीच्या दोन वर्षांत हे पण धरा.

अतिथी शिक्षक मागायला गेले तर जीएफएमएस पोर्टलवर विज्ञानाची जागा भरलेलीच दिसत होती, कारण प्रभारी असले तरी मी मूळ पदावरच आहे ना! सात महिने अर्ज करत होते. कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय, सहावी ते आठवीत १०० च्या वर मुलं असतील तर पूर्णवेळ प्रधानाध्यापक, आणि शिवाय विज्ञान-गणिताला, सामाजिक शास्त्राला, भाषांना किमान एकेक शिक्षक. तुमची ११२ आहेत. म्हणजे प्रधानाध्यापक वेगळा आणि गणिताचा वेगळा हवा, एकाच माणसात दोन्ही बसवणं म्हणजे मुलांचा एक शिक्षक काढून घेणं. हेच वाक्य अर्जात टाका, परिशिष्टाचा उल्लेख करून, आणि अर्ज चार्ज घ्यायच्या *आधी* द्या. नंतर कोणी ऐकत नाही.

वर्ग२_वाला:
सर मी २०१८ च्या भरतीतला, परीक्षेचं सांगतो. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. तुम्ही सहावी-आठवीला म्हणजे सीटीईटी (केंद्राची टीईटी) देणार असाल तर पेपर २, त्यात गणित-विज्ञानाचे ६० प्रश्न, ते तुम्ही झोपेत सोडवाल. जनरलला ६० टक्के म्हणजे ९० गुण. आपल्या सिनिअर सरांचा घाम निघतो तो बालविकास आणि शिक्षणशास्त्रात, ३० प्रश्न, पियाजे वायगोत्स्की वगैरे. जुने पेपर सोडवा रोज एक, वाचत बसू नका. आमच्या शाळेतल्या तीन सिनिअर मॅडमना मी मधल्या सुट्टीत घेऊन बसतो, राजवाड्याकडे कधी आलात तर नोट्सची झेरॉक्स देतो, खरंच.

आणि आठवीला आता सुटका नाही सर, आपल्याकडे पाचवी-आठवीची परीक्षा बोर्ड पॅटर्नवर आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून राज्याला नापास ठेवायचा अधिकार आहे, फक्त आधी दोन महिन्यांत पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागते. गणितातच मुलं अडकतात. ताई म्हणतात ते करा.

मालवी_मास्तर:
काका, ताई, भाऊ, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीत मोठ्या सरांना सांगितलं की शनिवारी आपण दोघं मिळून मोजू, त्यांना आधी जरा वाईट वाटलं, मग म्हणाले मोज बाबा, मी पण १४ वर्षांपूर्वी न मोजताच घेतलं होतं. किल्ल्यांचा जुडगा रुमालात बांधून त्यांनी कपाटाच्या वरच्या खणात ठेवलाय, त्यातल्या दोन किल्ल्या कशाच्या ते त्यांनाही आठवत नाही.

अर्ज लिहिलाय. पहिलं वाक्य ताईंचंच घेतलंय, ११२ मुलं आणि परिशिष्ट. उद्या संकुलात आवक नंबर घेऊन देतो आणि सांगतो की चार्ज घेईन पण आठवीचा सकाळचा पहिला तास माझाच राहील, त्या वेळात कुठलीही माहिती मागवली तरी अकरानंतर. ताई, तुमचे ते सात महिन्यांचे अर्ज कोणाच्या नावे केले होते, संकुल प्राचार्यांच्या की सरळ बीआरसीला (ब्लॉकच्या शिक्षण केंद्राला)? ते तेवढं सांगा, मी दोन्हीकडे प्रत लावतो.