एक्स्टेंडेड वॉरंटीच्या आधी गाडी बाहेर तपासून घ्यावी का?

प्रश्न
गाडीची मूळ वॉरंटी संपत आलीय, एक्स्टेंडेड घ्यायचं जवळपास ठरलंय. शोरूमवाले म्हणतात आधी आमचं इन्स्पेक्शन होईल मगच पॉलिसी निघेल. मग त्याआधी बाहेरच्या मेकॅनिकला दाखवण्यात काही अर्थ आहे का, की उगाच डबल खर्च? अजून एक, हल्ली सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की दोन-चार सेकंद खडखड आवाज येतो आणि मग आपोआप थांबतो. हे त्यांना सांगू का? सांगितलं तर वॉरंटीच नाकारतील अशी भीती वाटतेय.

गॅरेजकट्टा
सांगाच, आणि आत्ताच सांगा, मूळ वॉरंटी चालू आहे तोवर. एक्स्टेंडेडमध्ये पॉलिसीच्या आधीपासून असलेला दोष सहसा धरतच नाहीत, म्हणजे आज लपवलात तर उद्या क्लेमच्या वेळी तोच मुद्दा तुमच्यावर उलटणार. आज मात्र ते काम मूळ वॉरंटीत फुकट होऊ शकतं. असा आवाज बऱ्याचदा टायमिंग चेनच्या टेन्शनरचा (इंजिनातली ही चेन ताणून धरणारा पार्ट) असतो, तो ऑइलच्या प्रेशरवर चालतो, रात्रभर गाडी उभी राहिली की प्रेशर उतरतं आणि ते परत येईपर्यंत चेन ढिली वाजते. गाडी चालवत नेलीत तर इंजिन गरम असणार, आवाज येणारच नाही आणि ते 'सगळं ओके' लिहून मोकळे होतील. म्हणून आदल्या संध्याकाळी वर्कशॉपला सोडा आणि सकाळचा पहिला स्टार्ट तुमच्यासमोर मारायला लावा. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. जॉब कार्डवर 'तपासणी' एवढंच नको, 'थंड इंजिनला खडखड आवाज' असं स्पष्ट लिहून घ्या.

डिझेलवाला
बाहेरची तपासणी जरूर करा. शोरूमचं इन्स्पेक्शन त्यांना जोखीम घ्यायची की नाही हे ठरवायला असतं, तुमच्या गाडीत काय बिघडलंय ते शोधायला नाही. लिफ्टवर घेऊन खालून बघायला सांगा: ऑइल कुठे पाझरतंय का, चाकांना फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे रबर बूट फाटलेत का (बूट फाटला की ग्रीस उडून जातं, धूळ आत शिरते आणि जॉइंट जातो), स्टिअरिंग रॅक ओला आहे का. सोबत ओबीडी स्कॅन (गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडून त्यातल्या नोंदी वाचणं) करा, त्यात नुसते एरर कोड बघू नका, रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या सिस्टिमच्या ज्या चाचण्या आपोआप करते त्या) पूर्ण आहेत का तेही बघा. ते अपूर्ण दिसले तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत अशी शंका घ्यायला जागा असते.

प्रश्नकर्ता
बापरे, मी तर परवाच बॅटरी बदललीय, त्याने पण अपूर्ण दिसतील का?

डिझेलवाला
हो, बऱ्याच गाड्यांत दिसतात, घाबरू नका. काही दिवस नेहमीसारखी चालवा, थोडी ट्रॅफिकमध्ये थोडी मोकळ्या रस्त्यावर, भरतात आपोआप. तोवर स्कॅन थांबवा आणि बॅटरीचं बिल जपून ठेवा.

शांत_ड्रायव्हर
वरच्या दोघांशी सहमत, पण माझ्या मते सर्व्हिस रेकॉर्ड त्याहून महत्त्वाचं. सगळ्या सर्व्हिस वेळेवर झाल्यात ना, बिलं आहेत ना, ते आधी बघा, एखादी चुकली असेल तर क्लेम अडवायला तेवढं कारण पुरतं. आणि बाहेरून म्युझिक सिस्टिम किंवा जास्तीचे लाइट बसवताना वायरिंग कापलं असेल तर इलेक्ट्रिकलचे क्लेम अडकतात, त्यामुळे ते आधीच विचारून लेखी घ्या. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर हे झिजणारे पार्ट सहसा कव्हरच नसतात, त्यांच्यासाठी तपासणीत वेळ घालवू नका.

गॅरेजकट्टा
बरोबर. आणि शोरूमच्या इन्स्पेक्शनची सही-शिक्क्याची कॉपी मागून घ्या, तारीख आणि किलोमीटर रीडिंग त्यावर पाहिजेच. पुढे कोणी 'हा दोष आधीपासून होता' म्हणालं तर त्यांच्याच माणसाने ओके केलेला कागद हातात असेल. कॉपी देत नाहीत म्हणाले तर पैसे भरू नका.

प्रश्नकर्ता
धन्यवाद सगळ्यांना. आज संध्याकाळीच गाडी सोडतो, टेन्शनरचं काय निघतं ते इथेच टाकेन.