वाळवंटात कोणते संसाधन? (कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा)

मोठे बाबा: श्वेता, जैसलमेरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात तू नैसर्गिक संसाधनांच्या क्षेत्रकामासाठी इंटर्न म्हणून रुजू झालीस, याचा आनंद आहे. परंतु जिथे वाळूच वाळू, तिथे कोणते संसाधन सांभाळायचे असते, हे आम्हा शेतकऱ्यांना कळेल असे लिहावे.

श्वेता: मोठे बाबा, इथले खरे संसाधन गवत आहे. सुमारे ३,१६२ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात वाळूच्या टेकड्या थोड्याच भागात आहेत. उरलेला बराचसा प्रदेश खडकाळ माळ आणि गवताळ पट्ट्यांचा आहे. वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटरपर्यंत पडणाऱ्या पावसावर तगणारे सेवण हे बहुवर्षायू गवत मुळांनी वाळू धरून ठेवते आणि तिथल्या गाईंची वैरणही तेच असते. ठरलेल्या जागी एक मीटरची चौकट ठेवायची, आतील गवताच्या जाती, त्यांची उंची आणि झाकलेली जमीन वहीत नोंदवायची, आणि कुंपणाच्या आतील व बाहेरील जागांची तुलना करायची, असे माझे काम आहे. ते कंटाळवाणे आहे. पण या नोंदी नसतील, तर चराई थांबवून काय साधले यावर नुसताच वाद होत राहील.

आत्या: माळढोक दिसतो का गं? की गवतच मोजतेस?

श्वेता: दिसतो आत्या, पण लांबूनच. मादी बहुधा एकच अंडे आणि तेही उघड्या जमिनीवर घालते, म्हणून विणीच्या काळात आम्ही त्या बाजूला फिरकत नाही. या पक्ष्याला समोरचे फार कमी दिसते आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. त्यामुळे विजेच्या तारांना धडकून तो मरतो. तारांखालची जमीन पायी तपासणे हेही आमच्या कामात येते. या तारांचे प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजले. २०२४ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आधीचा आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सौर आणि पवन ऊर्जेचे प्रकल्पही त्याच माळांवर आहेत.

धाकटे काका: आपल्या वरोरा-भद्रावतीकडेही माळढोक होते. संरक्षणाच्या नावाखाली ढोरे हाकलली, की गावकरी त्या पक्ष्यालाच वैरी समजू लागतात. तिथेही तेच चालले असेल.

श्वेता: काका, तुमची शंका रास्त आहे. उद्यानाच्या हद्दीत गावे आणि ढाण्या, म्हणजे लहान वस्त्या, आहेत, लोक तिथेच राहतात आणि बंद कुंपणे ठरावीक जागीच आहेत. अति चराईने सेवण संपते हे खरे. तरी माझ्या मते शेळ्यांपेक्षा तारा आणि मोकाट कुत्री यांचा बंदोबस्त आधी व्हायला हवा. गुराख्यांना कुठे गवत उरले आहे हे आमच्या चौकटीआधी ठाऊक असते, म्हणून जागा निवडताना आम्ही त्यांनाच विचारतो.

मोठे बाबा: मग त्या नोंदवहीच्या एका पानाचा फोटो पाठव. आपल्या पडीक तुकड्यात यंदा ढोरे सोडायची की नाही, ते पाहून ठरवू.