एचबीएवनसी ६.१ आलं, दूध-दही बंद करायचं का?

गोदाकाठ:
वय ४८, उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१. गोळी चालू नाही, आहार शाकाहारी. घरी म्हशीचं दूध येतं. दिवसभरात चार कप चहा (प्रत्येकी अर्धा कप दूध, दोन चमचे साखर), जेवणात वाटीभर दही आणि झोपताना पेलाभर दूध. कुणी म्हणतं दुधाने डायबेटिस होतो, कुणी म्हणतं दह्याने टळतो. नक्की काय बंद करू? आणि म्हशीचं सोडून ए-टू दूध (ज्यात 'ए-वन' प्रकारचं प्रथिन नसतं ते) लावलं तर?

विरजण:
दुधाआधी चहातल्या साखरेचा हिशोब करा. आठ चमचे, चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम. १०० मिली दुधात लॅक्टोज (दुधातली साखर) साधारण ५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या दिवसाच्या अर्धा लिटर दुधात २५. शिवाय ते प्रथिनं आणि स्निग्धांशासोबत येतं, त्यामुळे रक्तात हळू चढतं. दुधाने इन्सुलिन मात्र साखरेच्या मानाने जास्त सुटतं. ते मुख्यतः व्हे प्रथिनांमुळे (दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातली प्रथिनं). 'दुधाने डायबेटिस होतो' म्हणणारे बहुतेक वेळा याच गोष्टीवर बोट ठेवतात. पण जेवणानंतर इन्सुलिन वाढणं वेगळं आणि वर्षानुवर्षांनी आजार जडणं वेगळं.

मोठ्या पाहण्यांत दूध पिणाऱ्यांना टाइप टू (बहुधा मोठेपणी जडणारा नेहमीचा डायबेटिस) जास्त होतो असं दिसत नाही. हार्वर्डच्या गटाने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तीन मोठ्या पाहण्या आणि आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले. एकूण दुग्धपदार्थांचा फारसा संबंध निघाला नाही, पण रोज एक वाढप दही खाणाऱ्यांत धोका सुमारे १८ टक्के कमी होता. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) दह्याच्या डब्यावर तसा दावा छापायला परवानगी दिली, तीही 'पुरावा मर्यादित' असं सोबत लिहायच्या अटीवर. प्रमाण आठवड्याला किमान दोन कप. तुमची रोजची वाटी त्यात सहज बसते.

साधी_पिशवी:
वरच्या १८ टक्क्यांवर फार भिस्त ठेवू नका. दही खाणारे लोक एरवीही बेताने खाणारे, कमी सिगारेट ओढणारे असतात. आकडेमोडीत ते वजा करतात, पण पुरतं वजा होत नाही.

तुमच्या बाबतीत मला उष्मांक जास्त खटकतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ७ टक्के, १०० मिलीला जवळपास १०० कॅलरी. अर्धा लिटर म्हणजे ५००, वर साखरेच्या १६०. पोटाचा घेर वाढलेला असेल तर तिथेच कापा. टोन्ड पिशवीत स्निग्धांश ३ टक्के (साधारण ६० कॅलरी), डबल टोन्डमध्ये १.५ (साधारण ४७). फुल क्रीम ६ टक्के, म्हणजे म्हशीचं दूधच समजा. मलईच्या दुधाने डायबेटिस वाढतो असं पाहण्यांतून ठामपणे निघालेलं नाही, तेव्हा हा बदल वजनासाठी.

आणि साय काढून दूध 'हलकं' केलं की त्याच सायीचं तूप पोळीवर येतं. घरोघरचा हिशोब इथेच चुकतो.

चक्का:
ए-टूवर पैसे घालवू नका. ए-वन प्रथिनाची मूळ शंका टाइप वनबद्दल (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो डायबेटिस) होती, तीही सिद्ध झालेली नाही. टाइप टूशी तिचा काही संबंध नाही. लॅक्टोज दोन्हींत तेवढंच.

दही साधंच खा. फळांच्या स्वादाच्या डब्यात साखर घातलेली असते. श्रीखंडात तर चक्क्याएवढी साखर पडते, त्याला दह्याचा पुरावा लावू नका :) घरी लावताना दूध उकळून, बोटाला सोसेल इतकं कोमट करा (४० ते ४५ अंश) आणि अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण. दूध जास्त गरम असेल तर जिवाणू मरतात आणि दही लागतच नाही. विरजण जास्त पडलं तर लवकर आंबतं, पाणी सुटतं आणि मग लोक वर साखर भुरभुरतात.

गोदाकाठ:
चहाची साखर आजपासून बंद. रात्रीचा पेला ठेवू का? ग्लुकोमीटर आहे घरी.

विरजण:
मोजूनच ठरवा. तीन दिवस तेच जेवण आणि लगेच दूध, तीन दिवस तेच जेवण दुधाशिवाय. पहिल्या घासापासून दोन तासांनी तपासा. १४० आणि १५० मधला फरक धरू नका, घरच्या यंत्राला १५ टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेतात. तिन्ही दिवस ३०-४० ने जास्त आलं तर पेला रात्रीऐवजी सकाळी न्या, किंवा अर्धा करा.

साधी_पिशवी:
दूध-दही साफ मात्र सोडू नका. शाकाहारी माणसाला बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व मिळतं ते मुख्यतः तिथूनच. पुढे कधी मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) सुरू झालं तर ते बी-ट्वेल्व्ह आणखी खाली आणतं. तीन महिन्यांनी एचबीएवनसी कराल तेव्हा तीही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या.