बाळाचं समर्पण केलं, बाप्तिस्मा नाही. आई विचारते, "पाणी कुठे होतं?"

ओंजळ:
मी बालबाप्तिस्मा, म्हणजे तान्ह्या बाळाला पाण्याने दिलेला ख्रिस्ती दीक्षाविधी, मानणाऱ्या घरातली. नवऱ्याच्या मंडळीत (चर्चमध्ये) विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देतात. दोन महिन्यांपूर्वी त्याच मंडळीत आमच्या मुलीचं समर्पण झालं, म्हणजे पाण्याशिवाय, प्रार्थना करून तिला देवाच्या हाती सोपवलं. पाळकांनी (धर्मगुरूंनी) तिला हातांवर घेतलं, तिने त्यांच्या चष्म्याची दांडी पकडली ती प्रार्थना संपेपर्यंत सोडली नाही. आम्ही दोघांनी वचन दिलं, मंडळीनेही उभं राहून दिलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "सगळं छान झालं गं, पण पाणी कुठे होतं?"

मला समर्पण मान्य आहे. खटकतं ते त्याला बाप्तिस्म्याचे कपडे घालणं. आम्हाला मिळालेलं प्रमाणपत्र बाप्तिस्म्याचंच होतं. छापील शब्द खोडून वर पेनाने 'समर्पण' लिहिलेलं. समर्पणात वचन देतात आईवडील, बाळाच्या वतीने कुणी काही कबूल करत नाही. मग हे दोन विधी वेगळे आहेत, असं स्पष्ट का सांगत नाहीत?

करारवाट:
वेगळे आहेतच, आणि म्हणूनच मला समर्पण अपुरं वाटतं. त्यासाठी दोन दाखले हमखास देतात. एक जुन्या करारातल्या हन्नाचा: तिने दूध तुटल्यावर आपल्या मुलाला, शमुवेलाला, शिलो इथे याजक एलीकडे कायमचं ठेवलं. आज कुणी आपलं लेकरू असं ठेवत नाही. दुसरा येशूला मंदिरात नेल्याचा, लूक २. पण त्याआधी आठव्या दिवशी त्याची सुंता झालेली होती. म्हणजे देवाशी असलेल्या कराराची खूण आधी मिळाली, मंदिरातलं अर्पण त्यानंतर. खुणेऐवजी अर्पण असं तिथे कुठेच नाही.

आठ दिवसांच्या बाळाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. येशूचा शिष्य पेत्रही म्हणतो, हे वचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे (प्रेषितांची कृत्ये २:३९). कृपा समजेची वाट बघत नाही.

नदीकाठ:
पेत्राचं ते वाक्य पूर्ण वाचा. "जितक्यांना प्रभू बोलावील तितक्यांना" असा त्याचा शेवट आहे, आणि त्याच्या आधीच्या वचनात पश्चात्ताप करा असं सांगितलंय. बायबलमध्ये अख्ख्या घराण्यांचे बाप्तिस्मे झाल्याचं सांगतात, त्यांचंही तसंच. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरातल्या सगळ्यांना आधी वचन सांगितलं, मग बाप्तिस्मा झाला. तान्ह्या बाळाचा उल्लेख तिथे नाही.

मूल घेऊन आलेल्यांना येशूने काय दिलं? मार्क १० मध्ये त्याने मुलांना कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले, आशीर्वाद दिला. आमचं समर्पण तेच आहे, त्यात पाण्याची उणीव नाही. आरंभीच्या काळातला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन यानेही इ.स. २०० च्या सुमारास लिहिलं की मुलांना ख्रिस्त ओळखता येऊ द्या, घाई कशाला.

मी सव्विसाव्या वर्षी छातीभर पाण्यात उभा राहिलो. पाणी इतकं गार होतं की "विश्वास ठेवतोस का?" याचं उत्तर देताना दात वाजत होते. पण ते "हो" माझ्या तोंडचं होतं. ते माझ्या लेकीच्या तोंडून मी कसं काढून घेऊ?

करारवाट:
तर्तुल्यन थांबा म्हणतो याचाच अर्थ त्याच्या काळात बाळांचे बाप्तिस्मे होत होते. आणि उशिराचं उदाहरण हवं असेल तर पुढे मोठा ख्रिस्ती विचारवंत झालेला ऑगस्टीन बघा. लहानपणी त्याला क्रुसाची खूण केली, मीठ दिलं (हे बाप्तिस्म्याच्या तयारीचे विधी), बाप्तिस्मा मात्र पुढे ढकलला. तो झाला ३८७ मध्ये. तो उशीर त्याला पुढे सलत राहिला, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

नदीकाठ:
सलला असेल. पण बत्तिसाव्या वर्षी तो स्वतःच्या पायांनी आला, हेही खरं ना?

जुनी वही:
तुमचं शास्त्र चालू द्या, मी वेगळं दुखणं सांगते. लग्नानंतर नव्या मंडळीत मला सांगितलं, "तुझा लहानपणीचा बाप्तिस्मा आम्ही धरत नाही, पुन्हा घे." मला वेदीपाशी नेणारे माझे वडील आता नाहीत. त्या दिवशी त्यांनी केलेली प्रार्थना रद्द झाली का? निकीयाच्या मतांगिकारात (चर्चमध्ये म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत) आपण "एकच बाप्तिस्मा" म्हणतो. १९८२ मध्ये लिमा इथे अनेक पंथांच्या अभ्यासकांनी मान्य केलेल्या मजकुरातही बाप्तिस्मा पुन्हा देता येत नाही असंच आहे. मी घेतला नाही. अकरा वर्षं त्या मंडळीत बसते, सदस्य नाही.

नदीकाठ:
वडिलांची प्रार्थना रद्द झाली असं कुणी म्हणत असेल तर तो चुकतोय. ती ऐकली गेली म्हणूनच तुम्ही आज विश्वासात आहात, असं मी मानतो. तरी खरं सांगायचं तर आमच्या लेखी तुम्हाला दुसरा बाप्तिस्मा घ्यायला सांगितलं नव्हतं, पहिलाच सांगितला होता. हे शब्द टोचतात हे कळतं. १५२७ मध्ये झुरिकमध्ये फेलिक्स मान्झला, विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा, याच मतासाठी लिम्मत नदीत बुडवून मारलं. आमच्या बाजूलाही हा विषय नुसत्या चर्चेचा नाही.

जुनी वही:
कळतं. तरी मी घेणार नाही.

ओंजळ:
करारवाट, लूक २ चा मुद्दा मला लागला. आठव्या दिवसाचं वचन मी शंभरदा वाचलंय, पण या अंगाने कधी वाचलं नव्हतं. तरी सध्या मुलीला पाण्यापाशी नेणार नाही. नवऱ्याच्या मनाविरुद्ध दिलेला बाप्तिस्मा घरात भांडणाचा विषय होईल, आणि तिने तो तसा आठवावा असं मला वाटत नाही. रविवारी पाळकांकडून नवं प्रमाणपत्र मागणार आहे, खाडाखोड नसलेलं. आणि मंडळीने उभं राहून जे वचन दिलं ते त्यावर शब्दशः लिहून द्या म्हणणार आहे. काल नवऱ्याला विचारलं तर आम्हा दोघांनाही ते पूर्ण आठवेना.