वर्डमधले एक्सेलचे तक्ते जुनेच आकडे दाखवतात

खजिनदारकाका
आमच्या ४२ बिऱ्हाडांच्या सोसायटीचा मी खजिनदार. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, अहवाल छपाईला अडलाय. हिशेब एक्सेलमध्ये, अहवाल वर्डमध्ये. सहा तक्ते पेस्ट स्पेशलमधून 'पेस्ट लिंक' करून आणलेले, म्हणजे एक्सेलमधला आकडा बदलला की वर्डमध्येही बदलावा. तीन वर्षं सुरळीत चाललं. यंदा मुलाने नवा लॅपटॉप दिला आणि घोळ सुरू. आकडे ताजे करायला एफ९ दाबलं की तक्त्याच्या जागी 'एरर! नॉट अ व्हॅलिड लिंक'. नाही दाबलं तर गेल्या वर्षीचे आकडे, म्हणजे पाण्याच्या टँकरवर खर्च शून्य! सभेत माझी धुलाई होईल, तीही टँकरच्याच पाण्याने. सगळं हाताने टाइप करू का?

लेजरवाला
अजिबात नको. वर्ड हा एक्सेल फाइलचा पूर्ण पत्ता धरून बसतो. जुन्या लॅपटॉपवर फाइल डी ड्राइव्हवर होती का? फाइल, मग इन्फो, उजवीकडे तळाशी 'एडिट लिंक्स टू फाइल्स'. तिथे 'चेंज सोर्स' करून नवी जागा दाखवा.

खजिनदारकाका
डीवरच होती! सगळे तक्ते आले. पण जमाखर्चात टँकर आला आणि खालून लिफ्टदुरुस्ती अन् 'एकूण' पळाले. यंदा मी मध्ये दोन ओळी वाढवल्या होत्या.

सेलवाली
काका, ऑल्ट+एफ९ दाबा. लिंकचा मजकूर दिसेल, त्यात 'आर१सी१:आर१८सी४' असं काहीतरी, म्हणजे पहिल्या ओळीपासून अठराव्या ओळीच्या चौथ्या रकान्यापर्यंत. वर्डला १८ ओळींच्या पुढचं ठाऊकच नाही. एक्सेलमध्ये 'एकूण'सकट तक्ता निवडून डावीकडच्या नेम बॉक्समध्ये नाव टाका, रोमन अक्षरांत, स्पेस न सोडता, आणि एंटर. फाइल सेव्ह करा. मग वर्डमध्ये अवतरणातलं शीट-ओळींचं प्रकरण पुसून तिथे ते नाव लिहा. पत्त्यातल्या दुहेरी तिरक्या रेघा तशाच राहू द्या. परत ऑल्ट+एफ९, तक्त्यावर क्लिक, एफ९. पुढे नवी ओळ घालाल ती 'एकूण'च्या वर.

लेजरवाला
आणि छापखान्यात पीडीएफच द्या. तिथे तुमची एक्सेल फाइल कुठून येणार?

खजिनदारकाका
वीसही ओळी आल्या, लिफ्टसकट! एक अवतरणचिन्ह चुकून पुसलं गेलं, त्यात अर्धा तास गेला. आता ताळेबंदालाही नाव देतो. गेल्या वर्षी त्यातही मी एक ओळ वाढवली होती. छापील अहवाल कपाटात आहे, उघडायचा धीर होत नाही.