जुन्या चेनच्या लोडरची डावी चेन वारंवार उतरते : चेन बदलावी की आधी आणखी काही तपासावे?

प्रश्न : दोडामार्गकर

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातील एका भंगार आवारातून मी कॅटरपिलरच्या ९५५ मालिकेतील एक जुना चेनचा लोडर विकत घेतला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातील खाणकाम थांबले, तेव्हापासून तो एका शेडच्या कडेला उघड्यावरच उभा होता, असे मला सांगण्यात आले. नंबर प्लेट जागेवर नाही, त्यामुळे नेमके मॉडेल ठरवता आलेले नाही. इंजिन सुरुवातीला सुरू होत नव्हते. फ्युएल पंपाची रॅक गंजून अडकली होती, ती एका मिस्त्रींनी मोकळी करून दिली आणि त्यानंतर इंजिनाने त्रास दिलेला नाही.

काजूच्या बागेसाठी उतारावर टप्पे काढणे आणि जांभ्यावरची माती बाजूला करणे, एवढेच काम मी त्याच्याकडून घेतो. अडचण डाव्या चेनची आहे. ती आठवड्याभरात सैल पडते, ग्रीस भरून ताणली तरी पुन्हा सैल होते आणि उतारावर वळताना पुढच्या आयडलरवरून (चेन ज्यावरून वळते त्या बिनदाती चाकावरून) उतरते. मागील महिन्यात असे तीन वेळा झाले. शिवाय लोडर डावीकडे नीट वळत नाही. डावा स्टिअरिंग क्लच (त्या बाजूच्या चेनची ताकद तोडणारा) सोडला तरी ती बाजू ओढतच राहते, म्हणून माझा ऑपरेटर डावीकडे जायचे असले तरी उजवीकडून गिरकी घेऊन जातो.

एका विक्रेत्याने दोन्ही चेन, स्प्रॉकेट (चेन फिरवणारी दातेरी चाके) आणि खालचे रोलर असा पूर्ण संच बदलण्याचा सल्ला दिला आहे. त्याने सांगितलेली किंमत मी लोडरसाठी मोजलेल्या रकमेपेक्षा अधिक आहे. हा खर्च करावा का? चेनवर जळके ऑईल ओतत राहिल्यास ती आणखी एखादे वर्ष टिकेल, असेही काही जण सुचवतात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुना फिटर

आपण दोन स्वतंत्र तक्रारी म्हणून ज्या गोष्टी लिहिल्या आहेत, ती माझ्या मते एकच तक्रार आहे. डावा क्लच सुटत नाही, म्हणून ऑपरेटर प्रत्येक वेळी उजवीकडे वळतो. उजवीकडे वळताना उजव्या चेनची ताकद तोडली जाते आणि सगळा जोर एकट्या डाव्या चेनवर येतो. आपल्याकडे येण्यापूर्वीही हा लोडर असाच चालवला गेला असेल, तर डावी चेन उजवीपेक्षा कितीतरी जास्त झिजलेली असणार. अशा वेळी नवा संच बसवला आणि क्लच तसाच ठेवला, तर नवी डावी चेनही त्याच वाटेने जाईल. म्हणून विक्रेत्याला थोडे थांबवा आणि आधी मोजमाप करा.

चेन किती झिजली आहे, हे डोळ्यांनी ठरवू नये. एखादी जुनी पिन स्प्रॉकेटच्या दातात आणि चेनमध्ये अडकवून लोडर अगदी किंचित मागे घ्यावा, म्हणजे चेनचा वरचा भाग ताणला जातो. मग इंजिन बंद करून एका पिनच्या कडेपासून चार कड्या सोडून येणाऱ्या पिनच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंतचे अंतर स्टीलच्या टेपने मोजावे. मास्टर पिन, म्हणजे चेन उघडण्या-जोडण्यासाठी असलेली पिन, या मापात येऊ देऊ नये. असे दोन ठिकाणी मोजून दोन्ही चेनची मापे लिहून ठेवावीत. पिन आणि बुश (पिनवर बसणारी पोलादी नळी) आतून झिजले की प्रत्येक कडीमागे थोडे थोडे अंतर वाढत जाते, आणि ही वाढ चार कड्यांवर मोजली की स्पष्ट दिसते. चेन लांबली म्हणजे बुश स्प्रॉकेटच्या दाताच्या मुळाशी न बसता वर चढून बसतो. म्हणूनच जुन्या लांबलेल्या चेनखाली नुसते नवे स्प्रॉकेट बसवणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय.

आता बुशकडे पाहा. ज्या बाजूला स्प्रॉकेटचा दात घासतो, त्या एकाच बाजूला बुश चपटा झालेला असेल आणि विरुद्ध बाजू गोल शाबूत असेल, तर ती चेन एकदाही उलटवलेली नाही, असे समजावे. त्या स्थितीत ट्रॅक प्रेस (चेनच्या पिन दाबून काढणारे यंत्र) असलेल्या वर्कशॉपमध्ये पिन आणि बुश बाहेर काढून १८० अंशांत फिरवून पुन्हा बसवता येतात. त्यामुळे न झिजलेली बाजू कामाला येते आणि चेनची लांबीही बरीचशी मूळ मापाला परत येते. दोन्ही बाजू चपट्या दिसल्या, तर हा उपाय पूर्वीच वापरला गेला आहे. बुशला भेग गेलेली असेल, तर तो फिरवून उपयोग नाही. मापाची मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून आधी मॉडेल निश्चित करा. प्लेट गेली असली तरी सिरियल नंबर बहुधा चेसिसवरही ठोकलेला असतो. मागच्या केसिंगवरची माती तारेच्या ब्रशने घासून पाहा. त्या क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे आणि अंकच कोणता सुटा भाग बसेल, ते ठरवतात.

जळके ऑईल ओतू नये. आपल्या लाल मातीत ते पिनच्या तोंडाशी धूळ धरून ठेवते आणि त्याचा घासकाम करणारा लेप तयार होतो. गेल्या पिढीतल्या ऑपरेटरांची ही सवय मी प्रयत्न करूनही मोडू शकलो नाही, हे मान्य करतो.

उत्तर : ट्रॅक्सकॅव्हेटर

जुना फिटर यांच्या निदानाशी सहमत आहे. फक्त क्लचविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथेच खरे दुखणे आहे. या मालिकेतील जुन्या लोडरांना अनेक वयस्क ऑपरेटर आजही ‘ट्रॅक्सकॅव्हेटर’ म्हणतात. हे नाव मूळचे ट्रॅकसन या अमेरिकन कंपनीचे होते, जी कॅटरपिलरने १९५१ साली विकत घेतली.

आपल्या लोडरमध्ये क्लच कोरडे आहेत की तेलात चालणारे, हे आधी पाहावे. कोरडे असतील तर मागच्या केसिंगच्या तळाशी प्रत्येक बाजूला एक प्लग सापडेल. लोडर पुन्हा चालवण्यापूर्वी डाव्या बाजूचा प्लग उघडून खाली पांढरे भांडे धरा. काहीच आले नाही तर उत्तम. काळे तेल आले तर आतल्या बाजूचे सील गळते आहे आणि क्लचच्या चकत्यांवर तेल चढते आहे. अशा वेळी क्लच घसरतो, पण अडकत नाही. तांबूस पाणी आले, तर मात्र बारा पावसाळ्यांचा हिशेब आपल्यासमोर आहे, असे समजा. चकत्या एकमेकींना गंजून चिकटलेल्या असतात आणि म्हणूनच क्लच सोडला तरी ती बाजू ओढत राहते.

चिकटलेला कोरडा क्लच उघडण्यापूर्वी एक प्रयत्न करून पाहण्यासारखा आहे. आधी जोडणीतील मोकळी हालचाल तपासून नीट लावून घ्यावी, कारण ती चुकलेली असली तर क्लच पूर्ण सुटतच नाही आणि आपण उगाच गंजाला दोष देत बसतो. मग लोडर अर्धा तास चालवून गरम करावा आणि सपाट, मोकळ्या जागेवर आणावा, जिथे आसपास एकही माणूस नसेल. पहिल्या गियरमध्ये, इंजिन हळू ठेवून, डावा क्लच सोडलेल्या स्थितीत धरावा आणि त्याच वेळी डावा ब्रेक पूर्ण दाबावा. चकत्यांवर दोन्ही बाजूंनी ताण येतो आणि बऱ्याचदा एक ठोका देऊन त्या सुटतात. तीन-चार प्रयत्नांत सुटल्या नाहीत, तर तिथेच थांबावे. इंजिन फुल रेझ करून झटके दिल्याने फायनल ड्राइव्हचा (स्प्रॉकेटला ताकद पोचवणाऱ्या शेवटच्या गियरपेटीचा) दात तुटल्याचे मी पाहिले आहे. मग सीट आणि मागची झाकणे काढून क्लच बाहेर घेण्यावाचून गत्यंतर नाही.

फायनल ड्राइव्हचा उल्लेख आला आहे, म्हणून तेही सांगतो. त्यातील तेल दुधाळ कॉफीच्या रंगाचे झाले असेल, तर तोंडाशी असलेल्या धातूच्या दोन घासणाऱ्या कड्यांच्या सीलमधून पाणी आत गेले आहे. तेल बदलताना जुने तेल कापडातून गाळून घ्या. बोटाला लागणारी बारीक चमक चालेल, तुकडा चालणार नाही.

उत्तर : लेथवाला

चेन आठवड्यात सैल पडते, याचे एक कारण कोणीच लिहिले नाही. झीज एका आठवड्यात जाणवत नाही. ताणणारा सिलिंडर ग्रीस धरून ठेवत नसेल, तरच चेन इतक्या लवकर सैल होते. ट्रॅक फ्रेमवरचे झाकण काढून पाहा. आत ताजे ग्रीस साचलेले असेल, तर सील किंवा भरणीचा व्हॉल्व्ह गळतो आहे. हे काम चेनच्या संचापुढे अगदी किरकोळ खर्चाचे आहे.

मात्र येथे कळकळीने सांगतो. ग्रीस सोडण्याचा व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त उघडू नये आणि उघडताना तोंड किंवा हात त्याच्या समोर धरू नये, कारण आतील ग्रीस प्रचंड दाबाखाली असते. आणि त्यामागील मोठी रिकॉइल स्प्रिंग (आयडलरवरचे धक्के झेलणारी, दाबून बसवलेली) कोणत्याही गावठी पद्धतीने, सळ्या किंवा साखळ्या बांधून सोडवू नये. तिच्यासाठी प्रेसच लागतो. मास्टर पिन काढताना घणाचा घाव थेट पिनवर न घालता मध्ये मऊ लोखंडाचा ठोसा धरावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. कडक पोलादाचा टवका उडाला, तर तो गोळीसारखा येतो.

चेन किती ताणावी, याविषयी : लोडर पुढे घेऊन ब्रेक न लावता आपोआप थांबू द्यावा, आयडलर आणि वरच्या रोलरवर सरळ पट्टी ठेवावी आणि मधला झोल मोजावा. या आकाराच्या जुन्या यंत्रांत २५ ते ४० मिलिमीटर झोल सामान्यतः योग्य मानतात. चिकट मातीत काम असेल, तर झोल अधिक बाजूलाच ठेवावा, कारण स्प्रॉकेटमध्ये माती भरत गेली की चेन आपोआप ताठ होते. संध्याकाळी फावड्याने ती माती काढणे, हे काम ऑपरेटरला आवडत नाही, पण ते त्याच्याकडून करून घ्यावे. मागे वेगात जाणेही टाळावे, बुश त्यातच सर्वाधिक झिजतात.

पुन्हा : दोडामार्गकर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी केलेल्या तपासणीचा वृत्तांत देतो.

डाव्या बाजूचा प्लग गंजून बसला होता. तो निघाल्यावर साधारण दोन लिटर तांबडे पाणी आले आणि त्यामागून गंजाचा गाळ. उजव्या बाजूने काहीच आले नाही. जोडणीतील हालचालही चुकीची होती, ती मिस्त्रींनी लावून दिली. सांगितलेल्या पद्धतीने दुसऱ्याच प्रयत्नात मोठा ठोका ऐकू आला आणि लोडर जागेवरच डावीकडे फिरला. ऑपरेटर खाली उतरून डाव्या चेनकडे बराच वेळ पाहत उभा राहिला, कारण त्याने हा लोडर असा वळलेला कधी पाहिलाच नव्हता.

मापे घेतली. चार कड्यांमध्ये डावी चेन उजवीपेक्षा ७ मिलिमीटर लांब भरली. दोन्ही चेनचे बुश एकाच बाजूने झिजलेले आहेत, म्हणजे त्या उलटवलेल्या नाहीत. डाव्या चेनमधील दोन बुशांना मात्र बारीक भेगा आहेत. ट्रॅक फ्रेमच्या झाकणाखाली मूठभर ताजे ग्रीस सापडले, ताणणाऱ्या सिलिंडरचे सील मागवले आहे. चेसिसवरचा क्रमांकही घासून काढला असून तो सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराकडे पाठवला आहे.

आता एवढेच विचारायचे आहे : भेग गेलेले दोन बुश तेवढेच नवे घालून बाकीची चेन उलटवली, तर नव्या आणि जुन्या बुशांच्या बाहेरच्या व्यासातील फरकामुळे स्प्रॉकेटवर धक्के बसतील का?

उत्तर : जुना फिटर

थोडे बसतील. त्याऐवजी वर्कशॉपमधून त्याच मापाचे, इतपतच झिजलेले पण भेग नसलेले जुने बुश मिळतात का, ते विचारा. ट्रॅक प्रेस चालवणाऱ्यांकडे असे सुटे बुश पडून असतात. उजव्या चेनचे बुशही त्याच फेरीत उलटवून घ्या. दोन्ही चेन एकाच वेळी प्रेसवर गेल्या, तर वाहतुकीचा खर्च एकदाच येईल. आणि ते काम होईपर्यंत डाव्या बाजूचा तळाचा प्लग आठवड्यातून एकदा उघडून भांडे धरत राहा. पाणी शिरले कोठून, ते अजून सापडलेले नाही.