शरद की पानगळ? ‘ऑटम’ला आपल्या बागेत काय म्हणावं

घोडबंदर रोडहून :
सोसायटीच्या बागेसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कामांचं पत्रक मराठीत करायचं आहे. मूळ इंग्रजी मजकुरात ‘ऑटम’ जागोजागी येतो. कोशात त्याला ‘शरद’ही मिळतो आणि ‘पानगळीचा ऋतू’ही. कोणता घ्यावा? आणि ‘पानगळ’ व ‘पानझड’ एकच का?

तलावपाळीहून :
शरद घ्या. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पानगळ आपल्याकडे शिशिरात, माघ-फाल्गुनात. ऑक्टोबरात येऊरचा डोंगर गच्च हिरवा असतो. काटेसावर, पांगारा उघडे पडायला जानेवारी उजाडतो. रस्त्याकडेच्या बदामाची पानं लाल होतात तीही थंडी सरताना. शरदाचं खरं क्रियापद आहे ‘निवळणं’ : आभाळ निवळतं, तळ्याचं पाणी निवळतं.

‘पानझड’ हा झाडाचा स्वभाव, म्हणून ‘पानझडी जंगल’. ‘पानगळ’ ही घडणारी किंवा घडवून आणलेली गोष्ट. डाळिंबवाले बहर धरण्याआधी मुद्दाम ‘पानगळ करतात’.

नेरुळहून :
यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. पत्रकात ‘पानगळीचा ऋतू’ छापलंत, तर ऑक्टोबरात कुंडीतल्या जास्वंदीने पानं टाकली तरी वाचणाऱ्याला ते रीतसरच वाटेल. ते रीतसर नसतं, मुळांचं दुखणं असतं.

चार महिने भिजून माती दबते, तळाचं भोक गाळाने बुजतं आणि हवा न मिळाल्याने बारीक मुळं कुजतात. पाऊस चालू असेतो हे कळत नाही, कारण ऊन नसतं. उघडीप होऊन आश्विनातलं कडक ऊन पडलं की पानांतून पाणी भराभर उडतं, आणि उरलेली मुळं तेवढं ओढू शकत नाहीत. खालची पानं पिवळी पडून गळतात, माती ओली असूनही झाड मलूल दिसतं. नेमकं तेव्हाच लोक आणखी पाणी घालतात, वर खतही. दोन्हींनी झाड जातं.

कुंडी आडवी करून काडीने भोक मोकळं करा, खालची ताटली काढून टाका. वरची तीन-चार सेंटिमीटर माती खुरप्याने हलकी करा, मुळांना हिसका बसू देऊ नका. आठवडाभर फक्त सकाळचं ऊन द्या. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. नवी फूट दिसल्यावर बारा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि एक मोठा चमचा निंबोळी पेंड. त्याआधी काहीही नको. मुळं काळी, मऊ आणि कुबट वासाची निघाली तर ती छाटा, शेंडेही तितकेच कमी करा, आणि दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग जाडी रेती अशा मिश्रणात झाड पुन्हा लावा.

तेव्हा पत्रकात ‘गळ’ हा शब्द तक्रारीसाठीच राखून ठेवा : कळीगळ, फुलगळ, फळगळ.

वाशीहून :
शेवंतीच्या मजकुरात ‘लहान दिवसाचं झाड’ असं लिहू नका, ‘लांब रात्र लागते’ लिहा. तिला अखंड अंधार हवा. गॅलरीतला दिवा किंवा रस्त्याचा खांब जवळ असला की नुसती पानं वाढतात, कळी धरत नाही. कुंडी हलवता येत नसेल तर कळ्या दिसेपर्यंत रोज संध्याकाळी सहा ते सकाळी सात काळ्या जाड कापडाने झाका. मध्ये खंड पडला की कळी लांबते. फुलं सरल्यावर बुंध्याशी जे कोंब येतात त्या ‘काश्या’. पुढची लागवड त्यांचीच, म्हणून तो शब्द पत्रकात असू द्या.

घोडबंदर रोडहून :
‘तोडणे’ हे एकच क्रियापद सगळीकडे चालेल?

तलावपाळीहून :
अजिबात नाही. झेंडू तोडतात. प्राजक्त वेचतात, कारण तो पहाटे आपणच खाली पडलेला असतो. तुळशीच्या मंजिऱ्या आणि शेवंतीचा शेंडा खुडतात, म्हणजे नखाने. आपट्याचं सोनं लुटतात.

त्यात एक सूचना घाला. आपट्याचं पान लहान, जाडसर, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंद असतं. सोसायट्यांच्या आवारात असतो तो बहुधा कांचन. त्याचं पान मोठं आणि मऊ. जांभळ्या फुलांचा देवकांचन दसऱ्याच्या सुमारासच फुलावर येतो, आणि फुलं फांदीच्या टोकाला धरतात. सोन्यासाठी शेंडे ओरबाडले तर त्या वर्षीची फुलंही गेली.

नेरुळहून :
सातवीण, म्हणजे सप्तपर्णी, हीही घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी तिचा जो वास येतो त्याला ‘दरवळ’ हा शब्द अपुरा, ‘घमघमाट’च म्हणावं, म्हणून बेडरूमच्या खिडकीखाली ती लावू नये. एका पेरावर पानं दर वेळी सातच असतात असंही नाही. अमरकोशात सातविणीच्या नावांत ‘विषमच्छद’, म्हणजे विषम पानांची, हे आहे, आणि त्याला लागूनच ‘शारद’ हेही नाव आहे.